काचेचं दुसरं टोक

मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. हे वाक्य माझं नाही, माझ्या जावयाचं आहे. माझी सगळी हयात शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करण्यात गेली. इस्त्री सोडली तर सुईपेक्षा जड असं मी फारसं काही उचललेलं नाही. तेव्हा उचलण्याबद्दल मी लिहावं हे मलाच थोडं विचित्र वाटतं. पण जावई स्वतः काही सांगणार नाहीत. त्यांना बोलतं करणं म्हणजे बंद घड्याळाला वेळ विचारणं.

जावई काचेच्या दुकानात कामाला आहेत. दुकानांच्या दर्शनी काचा, जिन्यांचे काचेचे कठडे, भिंतभर आरसे, हे सगळं मोजायचं, कापायचं आणि नेऊन बसवायचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच शिंपीदुकानात. कपडे घालून बघायच्या खोलीत नवा आरसा लावायचा होता. आरशाचं पुढचं टोक लंबूकडे होतं, मागचं यांच्याकडे. लंबू म्हणजे त्यांचा जोडीदार, विजेच्या खांबासारखा उंच, म्हणून लंबू. त्या वेळी आमची लेक मला डबा द्यायला आली होती. तिने दार धरलं. आरसा आत गेला, भिंतीवर बसला, दोघे निघून गेले, तरी ही दार धरूनच उभी. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण मला कुठलीच गोष्ट वेळेत समजत नाही.

माझी बायको गेल्यापासून मी लेकीकडेच राहतो. जावयाच्या घरी सासऱ्याने राहायचं म्हणजे अंग चोरून राहायचं. खिडकीजवळची खुर्ची त्यांची, हे माहीत असल्यामुळे मी आतल्या पलंगावर बसायचो. एक दिवस ते संध्याकाळी आले आणि ती खुर्ची उचलून माझ्या पलंगाशेजारी ठेवून गेले. तेव्हापासून ती खुर्ची माझी.

त्यांच्या कामात मागच्या टोकाच्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. पुढचा बोलतो, मागचा चालतो. 'उचल', 'पायरी', 'वळ', 'थांब'. लंबू एरवी इतका बडबड्या की त्याच्यापुढे रेडिओ लाजेल, पण हातात काच असली की या चार शब्दांपलीकडे पाचवा नाही. आणि एक नियम, त्यांच्या वस्तादांनी घालून दिलेला. काच निसटली की सोडायची आणि मागे उडी मारायची. धरायला जायचं नाही. "काच पुन्हा येते, बोट पुन्हा येत नाही." हा नियम जावयाच्या अंगात इतका मुरलेला आहे की घरात हातातून साधी वाटी निसटली तरी ते दोन्ही हात वर करून मागे सरकतात. लेक म्हणते, "अहो, स्टीलची आहे!"

गेल्या वर्षी एका चपलांच्या दुकानाची काच उतरवताना त्यांची कमर धरली. वाकले आणि कळ आली, एवढंच. काच निसटली. दोघांनी नियमाप्रमाणे सोडली, उड्या मारल्या आणि फुटपाथवर चुरा झाला. कोणाला खरचटलंही नाही. जावई मात्र वाकले ते वाकलेलेच. लंबूने त्यांना टेम्पोतून घरी आणलं आणि दारात उभा राहून माझ्या लेकीला विचारलं, "वहिनी, यांना आडवं ठेवू की भिंतीला टेकवून उभं?"

त्याही अवस्थेत जावई हसले आणि हसल्यामुळे कळवळले.

डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, हाड जागेवर आहे, घाबरण्यासारखं काही नाही. आधी आराम, मग हळूहळू ताकद कमवा. आराम झाला. ते कामावर गेले. मालक माणूस वाईट नाही. त्यांनी जावयाला टेबलावर बसवलं. फोटोच्या चौकटींच्या काचा, पर्समध्ये ठेवायचे आरसे, असली कामं. लंबूबरोबर एक नवा माणूस दिला.

टेबलावरचं काम जावई नीटच करायचे. काच कापायची हिरकणी फिरवली की काचेवर केसाएवढी रेघ, आणि टिचकी मारली की तुकडा वेगळा. पण संध्याकाळी घरी येताना त्यांचे हात स्वच्छ असायचे आणि तोंड उतरलेलं.

लंबू अधूनमधून चहाला यायचा आणि नव्या माणसाच्या नावाने खडे फोडायचा.

"अरे, मी 'पायरी' म्हटलं की तो विचारतो, 'कुठली?' आता कुठली म्हणजे? पुढची! मागची असती तर सांगितलं असतं का?"

"शिकेल," जावई म्हणाले.

"तोवर मी राहिलो पाहिजे ना लेका."

त्याच्याकडूनच आम्हाला खरं कळलं. थंडी संपली की एका मोठ्या इमारतीच्या काचांचं काम येणार होतं. मालकांनी सांगितलं होतं की तोवर जावयाला मोठी काच पेलवली तर जोडी पूर्वीची. नाही तर नवा माणूस कायमचा लंबूबरोबर आणि जावई कायमचे टेबलावर. मालकांचंही बरोबर होतं. अर्ध्या वाटेत कमर धरणारा माणूस मोठ्या काचेखाली कोण ठेवेल?

लेक मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "बाबा, टेबलावर बसणं एवढं वाईट आहे का? तुम्ही जन्मभर बसलातच ना?"

"मी बसायलाच शिकलो होतो," मी म्हणालो. "ते चालायला शिकलेत."

हे उत्तर तिला आवडलं की लागलं, मला अजून कळलेलं नाही.

मग ते जिममध्ये जाऊ लागले. आमच्या चौकात टायरच्या दुकानाखाली तळघर आहे, तिथे. "बाबा, तुम्ही सोबत जा," लेक म्हणाली. "काही झालं तर ते सांगायचे नाहीत." म्हणून मीही जाऊ लागलो. दाराशी एक बाकडं होतं, त्यावर त्यांचा टॉवेल मांडीवर घेऊन बसायचो. जिन्यातून रबराचा वास यायचा आणि आत घामाचा. समोरच्या भिंतीवर एक मोठा आरसा होता, एका कोपऱ्यातून तडकलेला. तडकलेल्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. जावई मात्र तिथेच उभे राहायचे. आरसे वाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आरशात बघायची सवय नसते.

पहिल्याच दिवशी त्यांना एक गुरू भेटला. मोबाइलच्या दुकानात काम करणारा माणूस, तिशीचा, मनाने चांगला. पण दर दोन मिनिटांनी आरशासमोर दंड वळवून बेटकुळी काढायचा, म्हणून सगळे त्याला बेटकुळीच म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं.

"काच कशाने उचलता?" त्याने विचारलं.

"हाताने."

"मग हात बनवायचे! एकेक स्नायू पकडायचा. आज दंडाचा पुढचा, उद्या मागचा, परवा खांदा. पायांसाठी ते मशीन आहे, बसून करायचं. बसून म्हणजे कमरेला त्रास नाही."

जावयांना पटलं. मलाही पटलं. मी काज-बटणवाला. एका वेळी एकच काज, हे माझं आयुष्य. जावई डंबेल घेऊन कोपर दुमडायचे, दोरी खाली ओढायचे, मशीनवर बसून गुडघे सरळ करायचे. काही आठवड्यांनी त्यांचे शर्ट दंडात तंग झाले. लेकीने ते माझ्यापुढे टाकले. मी बाह्या उसवून शिलाई बाहेर घेतली आणि मनात म्हटलं, झालं, आता काम होणार.

मग एका रविवारी दुकान बंद असताना लंबूने त्यांना बोलावलं. मीही गेलो. एक मध्यम काच भिंतीला टेकवून ठेवली होती. लंबू म्हणाला, "उचल." जावई वाकले, काच जेमतेम जमिनीवरून सुटली आणि त्यांनी ती परत टेकवली. कळ आली नव्हती. पण येईल असं वाटलं.

"कमर धरली?" लंबूने विचारलं.

"नाही. पण खालून काही येतच नाही. हात एकटेच पडतात."

लंबूने पहिल्यांदाच काच हातात नसताना गप्प राहून दाखवलं.

त्या जिमच्या मालकीण म्हणजे बाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, रुंद पाठीच्या, केस बारीक कापलेले. तरुणपणी त्या वजन उचलण्याच्या स्पर्धांमध्ये उतरायच्या. एका कोपऱ्यात टेबलाशी बसून त्या सगळं बघायच्या, पण कोणी विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत. जावई त्यांना विचारणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणजे उरलो मी. परक्या बाईशी आपणहून बोलणं मला कधी जमलेलं नाही. त्या सोमवारी मी टॉवेल घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला आणि शेवटी टेबलापाशी गेलो.

"बाई, माझ्या जावयांना काच उचलायची आहे."

एवढंच बोललो. पुढचं वाक्य घरून ठरवून आणलं होतं, ते विसरलो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मी म्हणतच होते, हे गृहस्थ कशासाठी एवढे दंड कमावतायत. म्हटलं, लग्नबिग्न असेल कोणाचं." मग जोरात, "अहो काचवाले, इकडे या! डॉक्टरांनी वजन उचलायची परवानगी दिलीय का?"

"दिलीय."

"काच जमिनीवरून उचलताना काय काय हलतं, करून दाखवा बघू. हवेतच."

जावयांनी हवेतली काच उचलली. बाईंनी जवळ येऊन बोटाने दाखवायला सुरुवात केली. "हा घोटा. हा गुडघा. ही मांडी, हा कुल्हा, ही पाठ, हे पोट, आणि सगळ्यात शेवटी हा हात. बरोबर? सगळं घर एका वेळी उठतं. आणि तुम्ही काय करताय? एकेकाला वेगळ्या खोलीत नेऊन शिकवताय. सगळे आपापल्या खोलीत हुशार, पण एकत्र बसवले तर कोणी कोणाला ओळखत नाही."

"म्हणजे दंडाचं बंद करू?" बेटकुळीने लांबूनच काळजीने विचारलं, जसा काही त्याचाच दंड बंद होणार होता.

"बंद नाही. शेवटी, वेळ उरला तर. ते तोंडी लावणं झालं. आधी जेवण करा."

जेवण म्हणजे मोजकेच प्रकार होते. खांद्यावर बार घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं. वजन डोक्यावर ढकलायचं. वाकून पोटाकडे ओढायचं. आणि दोन्ही हातांत वजनं घेऊन नुसतं चालायचं. मला वाटलं होतं, एवढ्या शिकलेल्या बाई काहीतरी अवघड सांगतील. पण हे तर आपण सगळे लहानपणापासून करतो, उठतो, बसतो, उचलतो, ठेवतो.

ठेवणंच मात्र जावयांना येत नव्हतं.

बार हलका होता. त्यांनी तो उचलला, गुडघ्यापर्यंत आणला आणि कमरेत जरासं काही जाणवल्याबरोबर दोन्ही पंजे उघडून मागे उडी मारली. बार आदळला. वर टायरच्या दुकानातून कोणीतरी ओरडलं, "काय पडलं?"

दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. बेटकुळीने तोंडावर टॉवेल धरून हसू दाबलं. जावयांचे कान लाल झाले.

"हात सुटतात की तुम्ही सोडता?" बाईंनी विचारलं.

"सोडतो."

"का?"

मग मीच बाकड्यावरून वस्तादांचा नियम सांगितला. काच पुन्हा येते, बोट पुन्हा येत नाही. बाईंनी नीट ऐकून घेतलं. मला भीती होती की हसतील. हसल्या नाहीत.

"नियम बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "निसटली तर सोडाच. पण हा बार निसटलेला नव्हता, काचवाले. तुम्हाला नुसती शंका आली होती. तुमच्याकडे दोनच गोष्टी आहेत, धरणं नाही तर सोडणं. मधली एक राहिलीय. ठेवणं. शंका आली की ठेवायचं. जसं उचललं त्याच वाटेने, सावकाश, खाली."

आणि त्या दिवसापासून जावई उचलायला नाही, ठेवायला शिकू लागले. बाई त्यांना अर्ध्यावर थांबवायच्या, "शंका आली!" म्हणायच्या आणि मग ते पाठ सरळ ठेवून, कुल्हे मागे नेत, बार इतका हळू टेकवायचे की आवाज होऊ नये. वरचा टायरवाला एकदा स्वतःच खाली येऊन विचारून गेला, "आजकाल पडत नाही काही? सगळं ठीक ना?" बाईंनी वजन थोडं थोडं वाढवलं. घाई केली नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी पकडली. वजन घेऊन चालताना जावई एका बाजूला कलायचे. जन्मभर काचेखाली डावा हात, त्यामुळे शरीर त्याच बाजूला वळलेलं. "तुम्ही अजून काच घेऊनच चालताय," बाई म्हणाल्या. "आज खाली ठेवून या ती."

घरी फरक दिसू लागला, पण मी बोललो नाही. दृष्ट लागेल म्हणून नाही, माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नसतो म्हणून. मोजे घालताना ते आता पलंगावर बसत नव्हते. माझ्या पलंगाखालची लोखंडी पेटी त्यांनी एकदा ओढून काढली आणि उचलून खिडकीशी नेली. लेक दारात उभी राहून बघत होती, लग्नाआधी आरसा बघत होती तशीच.

मग बाईंनीच जिमसाठी नवा आरसा मागवला. त्यांना स्वतःला नको होता. "पण या बेटकुळीसाठी घ्यावा लागतोय," त्या म्हणाल्या. "अर्ध्या आरशात त्याचे दोन्ही दंड एका वेळी मावत नाहीत." काम जावयांच्या दुकानाकडे गेलं. जावयांनी मालकांना सांगितलं, आरसा मी नेतो.

मालकांनी आधी त्यांच्या कमरेकडे पाहिलं. "तळघर आहे. जिना अरुंद. तिथे जमलं तर इमारतीच्या कामाला तुमचीच जोडी. नाही जमलं तर मग माझ्याकडे पुन्हा विषय काढायचा नाही."

त्या सकाळी मी आधीच जाऊन जिन्याच्या तळाशी उभा राहिलो. बाई, बेटकुळी आणि आणखी चारपाच जण आत होते. मालकही आले होते, वर फुटपाथवर उभे. टेम्पो थांबला. लंबूचा आवाज आला, "उचल."

आरसा जिन्याच्या तोंडाशी आला. लंबू पुढे, म्हणजे खालच्या बाजूला, पाठमोरा उतरत होता. जावई वर, मागच्या टोकाला. "पायरी. पायरी." मला खालून आरशाचा फक्त खालचा काठ दिसत होता आणि त्याखाली जावयांचे हातमोजे.

"वळ."

जिना जिथे वळतो तिथे टायरवाल्याच्या गोदामाचं दार आहे. नेमकं तेच आतून उघडलं. टायरवाला एक टायर गडगडवत बाहेर येत होता. दार आरशाच्या बाजूला हातभर अंतरावर येऊन थांबलं.

"थांब!" लंबू ओरडला.

टायरवाला दारात थिजला. लंबू एका पायावर, दुसरा पाय टेकवायला पायरी सापडेना. सगळा भार वरच्या टोकाला गेला. जावयांचा चेहरा मला दिसत नव्हता. त्यांचे पंजे दिसत होते. मी त्या पंजांकडे बघत राहिलो. आता ते उघडतील, आणि खाली लंबू आहे, लंबूच्या मागे मी आहे, आणि वर मालक उभे आहेत.

पंजे उघडले नाहीत.

"ठेवतोय," जावई म्हणाले.

लंबूने मान वळवली. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्यात नव्हता. "काय?"

"ठेवतोय. तू नुसता धर."

आणि ते बसू लागले. पाठ सरळ, कुल्हे मागे, गुडघे बाहेर, जसे खांद्यावर बार घेऊन बसायचे तसे, एका अरुंद पायरीवर. आरसा त्यांच्याबरोबर खाली आला आणि त्यांनीच आदल्या दिवशी वळणाच्या पायरीवर अंथरून ठेवलेल्या पोत्यावर टेकला. आवाज झाला नाही.

"ते दार लावा हो," जावई टायरवाल्याला म्हणाले, अगदी साध्या आवाजात. दार लागलं. लंबूने पाय टेकवला. मग या वेळी मागच्या टोकाने म्हटलं, "उचल."

आरसा वळणावरून खाली आला. मी बाजूला व्हायला हवं होतं, पण मला सुचलं नाही, त्यामुळे उतरत्या आरशात मला मी आणि माझ्या मागे रांगेत उभे असलेले सगळे दिसले. सगळ्यांची तोंडं उघडी होती. बाईंची सुद्धा.

आरसा बसल्यावर लंबू जमिनीवर फतकल मारून बसला आणि दिवसभराचं बोलणं एकदम सुरू केलं. "ठेवतोय म्हणे! मला वाटलं मला ठेवतोय! अरे, आधी सांगायचंस ना, नवीन शब्द आणलाय म्हणून!" बेटकुळीने नव्या आरशात एकदा दंड बघितला, मग काय वाटलं कोण जाणे, कोपऱ्यातला बार घेऊन बाईंना म्हणाला, "मलाही शिकवा ना ते, ठेवायचं." बाई म्हणाल्या, "आधी उचलायला शीक."

मालक जिन्यातून अर्धे खाली आले होते. त्यांनी आरसा चारही कोपऱ्यांवर दाबून बघितला आणि जाता जाता लंबूला म्हणाले, "इमारतीच्या कामाचं माप उद्या घ्यायचंय. दोघे जा." जावयांकडे न बघता म्हणाले, पण दोघे म्हणाले.

घरी येताना जावई वाटेत एकदा थांबले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी घाबरलो. "कमर?"

"नाही हो बाबा," ते म्हणाले. "पाय कापतायत. भीतीने. मघाशी वेळच मिळाला नाही."

आम्ही दोघे तिथेच भिंतीला टेकून हसलो. मला तर हसता हसता डोळे पुसावे लागले. किती महिन्यांचं काहीतरी छातीवरून उतरल्यासारखं वाटलं. दारात लेक उभी होती. आमची तोंडं बघूनच तिला कळलं. तिने काही विचारलं नाही, नुसतं "हात धुवून घ्या," म्हणाली आणि आत जाऊन भांड्यांचा फार मोठा आवाज केला.

आता इमारतीचं काम चालू आहे. संध्याकाळी जावयांचे हात पुन्हा काळे असतात आणि ते जेवताना पूर्वीपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलतात. जिमला ते अजूनही जातात. माझी जागा बाकड्यावर आहेच, पण टॉवेल आता ते स्वतःच घेतात.

काल लेकीने माझ्यापुढे कपडे आणून टाकले. मला वाटलं शर्टच असतील. शर्ट नव्हते, बाह्या ठीक होत्या. तीन पँट होत्या, मांड्यांत आणि मागे तंग झालेल्या. मी चष्मा लावला आणि उसवायला घेतलं. शिलाईत कापड बरंच शिल्लक आहे.